मृतांच्या गावात तलवार काय कामाची?

ग्रीकांचा महावीर हेराक्लीस आपल्या शेवटच्या कामगिरीवर, तिथला तीन तोंडांचा कुत्रा आणायला, मृतांच्या लोकात उतरला, तेव्हाची एक चिमुकली गोष्ट अपोलोडोरसच्या नावाने चालत आलेल्या पुराणसंग्रहात आहे. त्याला येताना पाहून सगळे आत्मे पळाले. थांबले दोघंच, मेलिएगर नावाचा वीर आणि सापांच्या केसांची मेड्युसा. मेड्युसा दिसल्याबरोबर या गड्याने तलवार उपसली. तेव्हा देवांचा दूत हर्मिस याने त्याला समजावलं की बाबा, ही नुसती पोकळ छाया आहे. एवढंच. पुढच्या वाक्यात गोष्ट दुसरीकडे वळते. पण मेलेल्या बाईवर तलवार उगारून उभा राहिलेला तो आडदांड वीर माझ्या डोक्यातून जात नाही, कारण हल्लीच्या गोष्टींमध्ये तो मला सारखा भेटतो. बहुतेक वेळा त्याने बाईचा वेष घेतलेला असतो.

वंडर वुमन, म्हणजे अ‍ॅमेझॉन या लढवय्या बायकांची राजकन्या डायना, १९४१ च्या अखेरीस अमेरिकी कॉमिकमध्ये अवतरली. तेव्हापासून आजवर ती कितीदा हेडीजमध्ये, म्हणजे ग्रीकांच्या त्या मृतलोकात, जाऊन आली, याची मोजदाद तिच्या भक्तांनीच करावी. साचा ओळखीचा झाला आहे. दगडी दार फुटतं, तीन तोंडांचा कुत्रा अंगावर येतो, सांगाड्यांची फौज उठते, टार्टारस या तळाच्या अंधारकोठडीतून कुणी राक्षस सुटतो. ती एकेकाला लोळवते, एखादा आत्मा सोडवते आणि वर येते. चित्रं देखणी असतात, रंगांची तर चंगळ असते. अंक मिटला की मात्र मला हर्मिससारखं विचारावंसं वाटतं, अगं, मेलेल्यांना काय मारतेस?

हा नुसता कॉमिकच्या चवीचा प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. नायिकेच्या मनगटात बळ भरलं की तिला न्याय मिळाला, अशी एक स्वस्त समजूत पडद्यापासून थेट संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहापर्यंत पोचली आहे. तिच्यापायी आपण बाईला हेराक्लीसची उतरलेली वाट देतो आणि तिनं आभार मानावेत अशी अपेक्षा करतो. ग्रीकांच्या त्या लोकात बायकांच्या स्वतःच्या वाटा होत्या. त्या वाटांवर अडचण बळाची कधीच नव्हती, आवाजाची होती.

आधी शब्दाचा एक घोळ निस्तरू. मराठीत आपण हेडीजला सरसकट पाताळ म्हणतो. ते चूक आहे. आपलं पाताळ हे नागांचं, दैत्यांचं भरभराटीचं राज्य. विष्णुपुराणात नारद तिकडून परत येतो आणि पाताळ स्वर्गाहून रम्य आहे असं देवांच्या सभेत सांगतो! नरक म्हणावं तर तिथे पापाची शिक्षा हवी. हेडीजमध्ये शिक्षा मोजक्यांनाच आहे. सिसिफसचा दगड, टँटलसची तहान ही अपवादाची उदाहरणं. बाकीचे नुसते असतात, म्हणजे खरं तर नसतात. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात अकिलीज म्हणतो की मेलेल्या सगळ्यांचा राजा होण्यापेक्षा जिवंत राहून एखाद्या भूमिहीन गरिबाकडे सालदारकी केलेली परवडली. ट्रॉयच्या युद्धातला सर्वांत मोठा योद्धा हे बोलतोय. जिथे त्याच्याच ताकदीला किंमत उरली नाही, तिथे दुसऱ्या कुणाच्या दंडाचं काय कौतुक?

त्याच सर्गात एक प्रसंग आहे, तो जरा थांबून पाहण्यासारखा आहे. काव्याचा नायक ओडिसियस खोल कुठे उतरत नाही. तो काठावर हातभर खड्डा खणतो, त्यात मेंढ्यांचं रक्त ओततो आणि तलवार घेऊन शेजारी बसतो. मृतांना बोलायचं तर आधी ते रक्त प्यावं लागतं. भविष्यवेत्ता टायरेसियस येऊन जातो, आई येते. तिला तो तीनदा मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा हात रिकामे राहतात. मग मृतांची राणी पर्सेफोनी बायकांचा घोळकाच पाठवते. थोरामोठ्यांच्या बायका, लेकी, सगळ्या खड्ड्याभोवती गर्दी करतात. इथे ओडिसियस तलवार उपसतो खरा, पण कुणाला मारायला नव्हे. सगळ्यांनी एकदम प्यायलं तर कुणाचंच धड ऐकू येणार नाही, म्हणून तो त्यांची रांग लावतो. मग टायरो बोलते, अँटिओपी बोलते, अल्कमिनी बोलते, इडिपसची आई बोलते. आपण कोण, कुणाच्या, आपलं काय झालं, ते एकेक सांगते. ग्रीक वाङ्मयात मृतांच्या लोकातली तलवार इतक्या शहाणपणाने दुसऱ्या कुणी वापरल्याचं मला माहीत नाही. हे सगळं तो पुढे ज्या दरबारात सांगतो तिथे मध्येच गप्प होतो, तेव्हा पहिली बोलते ती तिथली राणी अरीटी. बायकांच्या कहाण्या बाईने आधी उचलल्या, हे होमरने नेमकं टिपलं आहे.

आता खाली स्वतः गेलेल्या बायका पाहू. पर्सेफोनीची कथा सर्वांना ठाऊक असते ती डाळिंबाच्या दाण्यापुरती. तिच्या आईच्या, डिमिटरच्या, होमरी स्तोत्रात ती कितीतरी रोखठोक आहे. मृतांच्या राजाने (त्याचंही नाव हेडीजच) मुलीला पळवून न्यायला बापाची, झ्यूसची, संमती होती. तिला भुलवायला नार्सिससचं ते शंभर माथ्यांचं फूल मुद्दाम उगवलं होतं. जमीन दुभंगली तेव्हा ती ओरडली. तिचा आवाज गुहेतल्या हेकटी देवीने ऐकला, सूर्याने तर सगळं पाहिलंच. दोघांपैकी धावून कुणीच गेलं नाही. आई नऊ दिवस दिवट्या घेऊन फिरली, शेवटी तिने पृथ्वीवर दुष्काळ पाडला, तेव्हा कुठे तडजोड झाली. वर्षाचा एक तृतीयांश खाली, उरलेलं वर. मराठी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. चार महिने सासर, आठ महिने माहेर, आणि हा हिशेब ठरवणारे दोघंही पुरुष. फरक इतकाच की तिची आई जात्यावर ओव्या गात बसली नाही, तिने जात्यात घालायला दाणाच ठेवला नाही. अथेन्सजवळच्या एल्युसिस गावी शेकडो वर्षं चाललेल्या गुप्त विधींच्या मुळाशी ही आई आणि तिचा हा हट्ट होता. त्या विधींत बायकांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. गंमत म्हणजे, खाली उतरण्याआधी हेराक्लीसलाही तिथे दीक्षा घ्यावी लागली. बायकांच्या दारातून गेल्याशिवाय त्यालाही खालचा रस्ता मिळाला नाही, ही गोष्ट वीरकथा सांगणारे पटकन गाळतात.

अल्सेस्टिस नवऱ्याच्या बदल्यात मरते. युरिपिडीजचं नाटक इसवी सनापूर्वी ४३८ मधलं. हेराक्लीस तिच्या थडग्यापाशी मृत्यूशी कुस्ती करतो आणि तिला परत आणतो. शेवटच्या प्रवेशात ती बुरख्यात उभी आहे, नवरा आनंदाने वेडापिसा झाला आहे, आणि ती काहीच बोलत नाही. ही गप्प का, असं तो विचारतो. उत्तर मिळतं, खालच्या देवांचं तिच्यावरचं बंधन फिटेपर्यंत, तिसरा दिवस उजाडेपर्यंत, तिचा शब्द तुझ्या कानी पडायचा नाही. आणि नाटक संपतं. मरून परत आलेल्या बाईला सांगण्यासारखं किती असेल! नवऱ्याला तर बरंच काही. पण तिसऱ्या दिवशी ती काय म्हणाली ते कुणी लिहिलं नाही.

सर्वांत विलक्षण सायकी. दुसऱ्या शतकात अपुलियसने लॅटिनमध्ये सांगितलेली ही कथा. सासू व्हीनस तिला मृतांच्या राणीकडून रूपाची डबी आणायला धाडते. सायकी जीव द्यायला एका मनोऱ्यावर चढते तर तो मनोराच बोलू लागतो आणि तिला वाटेचे नियम सांगतो. दोन्ही हातांत मधाळ दारूत मळलेल्या जवाच्या सातूचा एकेक गोळा घे, कुत्र्यासाठी. तोंडात दोन नाणी ठेव, मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याने ती स्वतःच्या हाताने तुझ्या तोंडातून काढून घ्यावीत. लंगड्या गाढवाबरोबर लंगडा माणूस भेटेल, पडलेल्या काटक्या उचलून दे म्हणेल. काही न बोलता पुढे जा. नदीत एक मेलेला म्हातारा तरंगत असेल, सडके हात वर करून नावेत घे म्हणेल. घेऊ नकोस. म्हाताऱ्या कापड विणत बसलेल्या असतील, जरा हात लाव म्हणतील. लावू नकोस, हातातला गोळा खाली ठेवलास की परतीची वाट बंद. राणी मऊ आसन देईल, पक्वान्नं वाढील. तू जमिनीवर बस आणि भाकरतुकडा माग.

आता त्या वाटेवरची सायकी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही हातांत गोळे, तोंडात नाणी. लढायला हात मोकळा नाही, ओरडायला तोंड मोकळं नाही. मरणाऱ्याच्या तोंडात आपण गंगाजल आणि तुळशीपत्र घालतो, तसं ग्रीक लोक नावाड्याचं नाणं घालत. सायकी जिवंतपणी ते तोंडात धरून चालते आहे. आणि कसोटी कसली? तर लहानपणापासून मुलींना जे शिकवलं जातं तेच न करण्याची. कुणी हात लाव म्हटलं की हात लावायचा नाही, वाढलेलं पान घ्यायचं नाही. मला ही सगळ्या पाश्चात्त्य पुराणांतली सर्वांत अवघड वाट वाटते. शेवटी ती डबी उघडते, मृत्यूसारखी झोप तिला घेरते, आणि तिच्या नवऱ्याला, क्यूपिडला, धावून यावं लागतं. इथे अपुलियसही कच खातो असं माझं मत आहे. पण तोवर ती जे करते त्यासाठी लागणारं बळ सांगाड्यांच्या शंभर फौजा लोळवून दिसणार नाही.

आपल्याकडची सावित्री इथे आठवायला हवी, कारण ती तोंडात काही धरून चाललेली नाही. ती यमामागे बोलत बोलत जाते आणि यम तिच्या बोलण्यावर खूश होऊन एकेक वर देत सुटतो. सासऱ्याचे डोळे, त्याचं राज्य, बापाला शंभर मुलगे, तिला शंभर मुलगे, आणि मग नवऱ्यावाचून मुलगे कसे होणार, या पेचात यमच अडकतो. वडाला सूत गुंडाळताना आपल्याला तिचं पातिव्रत्य आठवतं, तिची वकिली कुणाला आठवत नाही. तेव्हा आवाज गाळण्याचा रोग एकट्या ग्रीकांना झालेला नव्हता.

वंडर वुमनला हा सगळा वारसा मिळाला होता. तिचा जनक विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना रक्तदाब कसा बदलतो यावर त्याने काम केलं, आणि खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या इतिहासात त्याचं नाव येतं. त्याच्या कथेत हर्क्युलिसने, म्हणजे आपल्या हेराक्लीसनेच, अ‍ॅमेझॉनांना फसवून साखळदंडांत घातलेलं असतं. सुटका झाल्यावरही त्या हातातली कडी काढत नाहीत, आठवण राहावी म्हणून. ज्यांवर ती बंदुकीच्या गोळ्या झेलते ते झळकणारे कंगन म्हणजे बेड्यांची खूण आहे, ही कल्पना मला आजही ग्रेट वाटते. पण १९४२ मध्ये हीच डायना इतर सुपरहिरोंच्या मंडळात घेतली गेली ती चिटणीस म्हणून. पुरुषांनी जग वाचवायला जायचं, हिने इतिवृत्त लिहायचं! एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेतही याहून वेगळं काही घडत नाही.

१९८७ मध्ये तिची जन्मकथा नव्याने लिहिली गेली. तिच्यात अ‍ॅमेझॉन म्हणजे पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांचे आत्मे. पृथ्वीदेवी गैयाने ते आपल्या कुशीत जपून ठेवले होते, देवींनी त्यांना नवं शरीर दिलं. डायना त्यांतल्याच एका खून झालेल्या गरोदर बाईचं न जन्मलेलं मूल. हे मान्य केलं तर तिच्या अधोलोकाच्या प्रवासाचा अर्थच पालटतो. तिथे ती परकी, चढाई करणारी वीरांगना राहत नाही. ते तिचं आजोळ आहे. आजोळी गेलेली मुलगी दार फोडून आत शिरत नाही, आल्या आल्या माणसांना लोळवत तर नाहीच. मृतांमधल्या बायका तिच्या आत्या-मावश्या आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी अजून वाट पाहत असणार. या कल्पनेत दहा वर्षं पुरेल एवढा ऐवज होता. लेखकांनी त्यातून मुख्यतः मारामाऱ्या काढल्या.

एकदाच मला वाटलं की कुणीतरी नेम धरला. २०१२ च्या अंकांमध्ये हेडीज तिला खाली अडकवतो आणि तिच्याशी लग्न लावायला निघतो. चित्रात तो पोरसवदा आहे, डोक्यावर मेणबत्त्या जळताहेत आणि वितळलेलं मेण डोळ्यांवर ओघळून त्यांना झाकतं आहे. तिची जी सोनेरी दोरी समोरच्याकडून खरं वदवून घेते, तिचाच फास करून तो तिच्या गळ्यात घालतो. विचारतो, माझ्यावर प्रेम आहे? ती हो म्हणते. फास आवळत नाही, कारण ते खरंच आहे. तिचं सगळ्यांवर प्रेम आहे, त्यात तोही आला. बायको मात्र व्हायचं नाही. गळ्यात फास असताना जपून उच्चारलेलं एक वाक्य, आणि ज्याच्या तावडीतून पर्सेफोनी कायमची कधीच सुटली नाही त्याच्या तावडीतून ही निघते. पुढे ती प्रेमदेव इरॉसच्या पिस्तुलाने त्याच्यावर गोळी झाडते, त्याच्यासमोर आरसा असताना, म्हणजे त्याने निदान स्वतःवर तरी प्रेम करावं. ही सावित्रीच्या जातीची चाल आहे. एकही हाड न मोडता तिने बाजी मारली. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतलं सर्वांत ताकदवान पान हेच.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि पॉकेटमनी कॉमिकवर उडवतो. त्याला हे ऐकवलं तर म्हणाला, "मावशी, तू कॉमिक वाचतेस की कीर्तन ऐकतेस? मारामारी नसेल तर घेणार कोण?" त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मुलीने राक्षसाला लाथ मारलेली पाहण्यात निखळ आनंद आहे आणि तो हजारो वर्षं मुलग्यांची मक्तेदारी होता. मुलींना तो मिळू नये असं मी म्हणणार नाही. चौकात अंगचटीला येणाऱ्याच्या मुस्कटात ठेवून देण्याची उपयुक्तताही मला कळते. पण जिवंतांच्या जगातली मारामारी मेलेल्यांच्या जगात नेली की गोष्ट फुसकी होते, कारण तिथे हरण्यासारखं कुणाकडेच काही उरलेलं नाही. हेराक्लीसलाही हेडीजने अट घातली होती की कुत्रा न्यायचा तर शस्त्राशिवाय.

आणि ही फुसकी गोष्ट कागदावरच राहते असंही नाही. २१ ऑक्टोबर २०१६ ला, वंडर वुमनच्या पंचाहत्तरीला, संयुक्त राष्ट्रसंघाने तिला महिला आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत नेमलं. न्यूयॉर्कच्या मुख्यालयात समारंभ झाला, पडद्यावर ती भूमिका केलेल्या दोन अभिनेत्री आल्या. तिथलेच काही कर्मचारी सभागृहात पाठ फिरवून उभे राहिले. निषेधाच्या अर्जावर हजारो सह्या पडल्या. दोन महिन्यांच्या आत, डिसेंबरमध्ये, ही नेमणूक आटोपली.

अर्जात मुख्य आक्षेप होता तिच्या तोकड्या कपड्यांवर, अवास्तव बांध्यावर आणि अंगावरच्या अमेरिकी झेंड्यावर. झेंड्याचं मला पटतं. कपड्यांवरून बाईची लायकी ठरवण्याचा धंदा मात्र चांगल्या हेतूनेही करू नये. खरी बोच वेगळीच होती आणि ती कर्मचाऱ्यांनीही बोलून दाखवली होती. त्याच महिन्यात सरचिटणीसपदी अंतोनियो गुटेरेश यांची निवड झाली होती. तेरा उमेदवारांत सात स्त्रिया असताना नववा सरचिटणीसही पुरुषच. आणि त्यावर उतारा म्हणून चित्रातली बाई आणून बसवली. राजदूताचं काम बोलण्याचं असतं. चित्र सभेत बोलत नाही, अर्थसंकल्पावर प्रश्न विचारत नाही, अहवालावर वेगळं मत नोंदवत नाही. युरिपिडीजच्या नाटकातला शेवटचा प्रवेशच तिथे पुन्हा झाला. मंचावर एक स्त्री वाजतगाजत आणली, पुरुष मंडळी खूश, आणि ती गप्प. फक्त हिच्याबाबत तीन दिवसांची मुदतही नव्हती.

सगळं बळ दंडात मानलं की असंच होतं. दंड चित्रात काढता येतो, भिंतीवर लावता येतो, खेळणं करून विकता येतो. आवाजाचं तसं नाही. तो दिला तर कुठे तरी खुर्ची रिकामी करून द्यावी लागते.

डायनाकडे दोरी आहेच, आणि ती खरं बोलायला लावते. सुरुवातीच्या काळात त्या दोरीचा जोर आज्ञा पाळायला लावण्यावर होता, पुढे तो सत्यावर आला, हे बरंच झालं. पुढच्या वेळी तिला कुणी खाली पाठवलं तर तिने ओडिसियससारखा काठावर खड्डा खणून बसावं, दोरीचं एक टोक आपल्या हातात ठेवावं आणि दुसरं रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातात द्यावं. रांगेत पहिली कोण असेल याबद्दल मला शंका नाही. रोमन कवी ओव्हिड सांगतो की समुद्रदेव पोसायडनने अथीना देवीच्या देवळात मेड्युसावर बळजबरी केली आणि सापांचे केस मिळाले ते मेड्युसाला. हेराक्लीसला पाहून बाकीचे सगळे पळाले, ती मात्र जागची हलली नव्हती. तिला काहीतरी सांगायचं असणार.